आधी सातबारा, मग ॲडमिशन

कॉलेज कसं शोधायचं हे अख्ख्या मांजरी गावात एकाच व्यक्तीला कळत होतं, आणि ती व्यक्ती म्हणजे आपली संस्कृती! दहावीला एकसष्ट टक्के. गणिताने तिचा पाय असा ओढला होता की चित्रकलेचे वाढीव गुण नसते तर एकसष्टही दिसले नसते. पण तिने रडारड केली नाही. वहीत अकरा कला महाविद्यालयांची यादी केली आणि फोनवर फोन लावले.

पहिल्या दहांनी एंट्रन्स, मेरिट, मुलाखत असले शब्द फेकून मारले. एकाने तर "एकसष्टच का?" एवढंच विचारून फोन ठेवला! अकरावं होतं विश्रांतवाडीचं 'सप्तरेखा कला महाविद्यालय'. तिथे पहिल्याच रिंगला एका बाईंनी फोन उचलला.

"ये ना बाळा! दहावी पास आहेस ना? पाच चित्रं घेऊन ये. जागा आहेत. शनिवारी पाचपर्यंत फॉर्म घेतोय."

संस्कृती सोफ्यावर चढून नाचली! आणि त्याच आनंदात तिने एक घोडचूक केली. हे सगळं शब्दशः अण्णांना सांगितलं.

अण्णा म्हणजे तिचे वडील, संपतराव. उसाची शेती, हडपसरला दोन गाळे. एकदा त्यांनी दोन गुंठे स्वस्तात घेतले आणि त्या दोन गुंठ्यांना सतरा वारस निघाले. अठरावा एसटीने आला! तेव्हापासून कुणी आंबा चाखायला दिला तरी अण्णा आधी विचारत, झाड कुणाच्या नावावर आहे.

"पयल्या रिंगला उचलला?" अण्णांनी विचारलं.

"हो!"

"अन् बाळा म्हनाली?"

"हो ना! किती गोड!"

"पुण्यात?"

संस्कृती सोफ्यावरून खाली उतरली.

"पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाशी सरळ बोलत नाय, अन् हितं कॉलेजवाले बाळा म्हनत्यात? जागेचं भांडण असणार. कोर्टात असणार. उद्या कॉलेज उठलं तर तू काय फुटपाथवर बसून चित्रं काढनार?"

"अण्णा, मला तिथे शिकायचंय! कॉलेज विकत नाही घ्यायचं!"

"शिकायचं असलं तरी टायटल क्लिअर पायजे. नायतर आत्यानं सांगितलेलं कॉमर्स हायेच."

कॉमर्स! आत्याने हडपसरच्या कॉलेजात संस्कृतीसाठी शब्दही टाकून ठेवला होता. म्हणजे शनिवारी पाचच्या आत फॉर्म, नाहीतर जन्मभर ताळेबंद!

शनिवारी दोघं साडेचारला पोचले. अण्णांनी रजिस्ट्रीच्या दिवशीचा वेष केला होता. पांढराशुभ्र कडक शर्ट, काळा गॉगल, काखेत फाईल.

"तू हो आत. मी बाहेरून बघतो."

आत दीपाली मॅडमनी, म्हणजे त्या 'बाळा' म्हणणाऱ्या बाईंनी, खुर्ची दिली, पाणी दिलं, चित्रं बघितली. "हे उसाच्या गाडीचे बैल तू काढलेस? काय जिवंत पाय आहेत गं!" संस्कृती फुग्यासारखी फुगली. मॅडमनी फॉर्म काढायला कपाट उघडलं, आणि तेवढ्यात वॉचमन महिपती धावत आत शिरला.

"मॅडम! एक जण जागा मोजतोय! गेटपासून लिंबापर्यंत, पावलांनी! काळा गॉगल, काखेत फाईल. मला विचारतो, वारस किती, अन् एकमेकांशी बोलतात का!"

मॅडमचा चेहराच उतरला. "बिल्डर! यंदाचा तिसरा!" त्यांनी कपाट फाडकन बंद केलं. फॉर्म आतच!

आता संस्कृतीने "ते माझे वडील आहेत" एवढंच म्हणायचं होतं. पण तुम्हीच सांगा, खिडकीबाहेर "बावीस... तेवीस..." करत ढांगा टाकणाऱ्या माणसाला सोळाव्या वर्षी कोण आपलं म्हणेल? ती एकदम छताच्या पंख्याकडे निरखून बघू लागली.

तेवढ्यात अण्णा आले. "सातबारा दाखवा."

आतल्या दारातून प्राचार्य अभय सर आले. दाढीला निळा रंग, डोळ्यांत लाल. "आपल्याला कोणी पाठवलंय?"

"मला कोन पाठवनार? जागा कुनाच्या नावावर हाय?"

"विकायची नाही!"

"म्हंजे भांडण हाय!"

"नव्हतं. आता सुरू झालं!"

आवाज ऐकून मुलं बाहेर आली, मातीने माखलेल्या हातांनीच. इतर कॉलेजांत मोर्चा काढायला दोन दिवस लागतात. इथे सगळे कलाकार! सात मिनिटांत तीन रंगांत, सावली दिलेल्या अक्षरांत फलक तयार, 'आमचं कॉलेज विकणे नाही!' आणि खाली अण्णांचं भलंमोठं चित्र! गॉगल, फाईल आणि पाठीला गिधाडाचे पंख.

संस्कृतीने चित्र बघितलं. पंख झकास! गॉगल हुबेहूब! पण नाक? बटाटा! अण्णांचं नाक मधेच डावीकडे वळतं, लहानपणी बैलाने शिंग मारल्यापासून. तिला राहवेना.

"नाक चुकलंय!" ती ओरडली, एकाच्या हातातला ब्रश हिसकावला आणि चार फटकाऱ्यांत नाक बसवलं.

सरांनी चित्राकडे बघितलं, मग अण्णांकडे. "नाक बरोबर आहे. पण तुला कसं माहीत?"

"माझीच पोर हाय," अण्णा म्हणाले. "ॲडमिशनला आनलीय."

"आणि तू इतका वेळ पंखा बघत बसलीस?" दीपाली मॅडम म्हणाल्या. 'बाळा' केव्हाच संपलं होतं.

"सॉरी मॅडम! फॉर्म द्या ना, प्लीज!"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून चार मिनिटं झाली होती. मॅडम आत गेल्या आणि त्यांनी तिच्या तोंडावर ऑफिसची खिडकी लावली. आतून आवाज आला, "वेळ पाचपर्यंत. घड्याळ शोभेसाठी लावलेलं नाही. सोमवारी या. जागा उरली तर बघू. आणि येताना वडिलांना आणू नका!"

संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला समोर आत्या दिसायला लागली. ती वळली तर अण्णांनी गॉगल काढलेला, आणि चेहरा दिवाळीसारखा उजळलेला!

"ऐकलंस? नाय म्हनाली! वर टोमना मारला! पोरी, टायटल एकदम क्लिअर हाय. हितंच नाव घालायचं!"

सोमवारी अण्णा सकाळी सातपासून गेटाबाहेर उभे होते. बाहेरच, कारण महिपती आत सोडेना. संस्कृतीला मात्र जागा मिळाली. उरल्या होत्या ना. एकोणीस!

पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला पहिलं काम दिलं, गेटवरची पाटी रंगवायचं. तिने जीव ओतला. 'पालकांनी आवार पावलांनी मोजू नये. वारसांची चौकशी करू नये. सातबारा मागितल्यास मिळणार नाही.'

अण्णांनी पाटी वाचली. गॉगल काढून पुन्हा वाचली.

"अक्षर झ्याक हाय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून हळूच विचारलं, "पन खाली सही कुनाचीच नाय. कायतरी गडबड वाटती मला."