हौशीचं निलंबन

एक दिवस गोठा सांभाळायचा, एवढंच मी कबूल केलं होतं. तेही चहा पिता पिता. (चहाच्या वेळी मी काहीही कबूल करतो, हे माझ्या बायकोला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलंय.)

आमच्या घरात कर्तबगार माणूस म्हणजे दिशा, माझी बायको. नेवाशाजवळ आमच्या वस्तीवर सात गाई आहेत आणि सातही तिच्या आवाजावर चालतात. मी एका सरकारी कार्यालयात आस्थापनेचा क्लार्क. बदल्या, बढत्या, सेवाज्येष्ठतेच्या याद्या हे माझं खातं. (कार्यालयाचं नाव सांगत नाही. साहेबांना वाचनाची आवड आहे.)

तर दिशाच्या मनानं घेतलं की आता गाई दाव्याला बांधायच्या नाहीत, मुक्त गोठा करायचा. भोवती जाळीचं कुंपण, मध्ये मोकळी जागा, सावलीला छप्पर, एका कडेला गव्हाण, दुसऱ्या कडेला पाण्याचा हौद. गाईनं हवं तेव्हा खावं, हवं तेव्हा बसावं. माझी आई छबूबाई हिचा याला सक्त विरोध. चाळीस वर्षं तिनं गाई बांधूनच सांभाळल्या होत्या.

“मोकळ्या सोडल्यावर एकमेकींचा जीव घेत्याल,” आई म्हणाली.

“दोन दिवस भांडतील, आई. मग कोण पुढं, कोण मागं ते त्यांचं त्या ठरवतील.”

“आन दूध?”

“दूध कमी झालं तर मी माझ्या हातानं बांधीन.”

आईनं आठ दिवस दिले. आठव्या दिवशी सांजेच्या धारेला मोठा कॅन गळ्यापर्यंत भरला तर गोठा मुक्त, नाही भरला तर पुन्हा दावी. या गोठ्यासाठी दिशानं सहा महिने आमची सगळ्यांची मनधरणी केली होती. कुंपणाचे खांब तिनं स्वतः रोवले होते. (मी पाणी दिलं. म्हणजे तिला प्यायला.) त्या आठवड्यात ती जेवतानासुद्धा गोठ्याकडे तोंड करून बसायची.

झालं तिनं सांगितलं तसंच. दोन दिवस नुसती ढुशाढुशी, तिसऱ्या दिवशी सगळं शांत. हौशी नावाची आमची एका शिंगाची, हाडकुळी, म्हातारी गाय सगळ्यांची पुढारी निघाली. ती पाण्याला निघाली की बाकीच्या तिच्या मागं. बिजली अंगानं तिच्या दुप्पट, पण हौशीनं नुसती मान वळवून पाहिलं की बिजली बाजूला. आमच्या साहेबांना तीन मेमो काढून जे जमत नाही, ते ही बाई एका नजरेत करायची. मला तर तिचं फार कौतुक वाटायला लागलं. सहाव्या दिवशी कॅन गळ्यापर्यंत आला.

सातव्या दिवशी, रविवारी, दिशाला चुलतबहिणीच्या साखरपुड्याला कुकाण्याला जायचं होतं. निघताना म्हणाली, “गव्हाणीत मुरघासाचा चारा टाका आणि लांब उभे राहा. त्यांच्या मधे पडू नका.”

“मी कशाला मधे पडतोय?” मी म्हणालो, आणि मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

मुरघास टाकला. हौशी डुलत आली, चांदणी नावाच्या आमच्या पहिलारू, म्हणजे पहिल्याच वेताच्या गाईला तिनं ढुशी देऊन हुसकलं आणि तिच्या जागी खायला लागली. बिचारी चांदणी माझ्याकडे बघत उभी राहिली. डोळे पाणावलेले. (गाईचे डोळे कायमच तसे असतात, हे दिशानं नंतर सांगितलं.) माझ्यातला आस्थापना क्लार्क जागा झाला. अधिकाराचा गैरवापर, कनिष्ठाचा छळ! आमच्याकडे याला एकच उपाय असतो, चौकशी होईपर्यंत निलंबन. मी दावं काढलं आणि हौशीला कुंपणाबाहेर लिंबाखाली बांधलं. पुढ्यात मुरघास टाकला. (निर्वाह भत्ता.)

मग उरलेल्या सहाजणींची सेवाज्येष्ठता यादी केली. गोठ्यात रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे गव्हाणीवर खडूनं नावं लिहिली. गाईंना वाचता येत नाही, ही अडचण त्यानंतर लक्षात आली.

पुढारीपद रिकामं झालंय हे मात्र सगळ्यांना न वाचता कळलं, आणि सहाही जणींनी अर्ज केला. बिजलीनं गंगीला धडक दिली, गंगीनं मैनेला. सगळ्यांत जास्त मार चांदणीला. ती हौदामागं जाऊन उभी राहिली ती हलेचना. पाण्याला कोणी जाईना, कारण आधी निघायचं कोणी हेच ठरेना. मी यादी हातात घेऊन समजूत घालायला आत गेलो आणि अर्धी यादी घेऊन बाहेर आलो. उरलेली बिजलीनं खाल्ली होती.

सांजेला आई धारा काढायला आली. “ही बाहेर का बांधली?”

“जरा लंगडतेय,” मी म्हणालो.

कॅन निम्मासुद्धा भरला नाही. आई घरात गेली आणि सगळी दावी घेऊन आली. तेवढ्यात दिशा आली, साखरपुड्याची साडी नेसलेली. तिनं कॅन पाहिला. हौशी लंगडते म्हटल्यावर ती तशीच साडी शेणात टेकवून तिचे पाय चाचपायला बसली.

“आई म्हणतात तेच खरं,” ती हळूच म्हणाली. “माझ्या हट्टापायी मुक्या जिवाला इजा झाली. उद्या सकाळी बांधू.”

मी गप्प बसलो असतो तर निभावून गेलं असतं. पण तिचा तो आवाज मला ऐकवेना.

“लंगडत नाही ती,” मी म्हणालो. “निलंबित आहे.”

सगळं सांगितलं. दिशानं उठून हौशीला सोडलं. हौशी सावकाश आत गेली, बिजलीनं मुकाट वाट दिली. दहा मिनिटांत हौशी पुढं आणि सगळ्याजणी हौदावर. आणि ज्या चांदणीसाठी मी एवढा न्याय केला, ती हौशीच्या मानेला मान घासत पाणी पीत होती.

“हुसकते खरी,” दिशा म्हणाली, “पण बिजलीपासून तिला राखते पण हीच.”

आई जाळीला हात टेकून कितीतरी वेळ बघत राहिली. “चाळीस वरसं बांधून ठिवल्या,” ती म्हणाली, “आन त्यांच्यात येवढं हाय, ते मला कधी दिसलंच न्हाई.”

आठव्या दिवशी सांजेला कॅन गळ्यापर्यंत भरला. आम्ही दोघं आईच्या तोंडाकडे बघत उभे.

“गोठा मुक्त ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “फाटकाला तेवढी कडी लावून घे.”

दिशाला हसू आवरेना. “कडी कशाला, आई? गाई कुठं बाहेर जातात?”

“गाईसाठी न्हाई गं,” आई म्हणाली. “ह्यो आत येतो.”