किटलीचं काय करायचं

जेवणाच्या टेबलावर चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि लेखक सकाळपासून त्याच्यासमोर डोकं धरून बसला होता. चित्रात एक पडका जिना होता. जिन्यावर पांढऱ्या झग्यातली बाई बेशुद्ध पडण्याच्या बेतात होती आणि तिच्यामागे हिरवा, ओलसर, नखं वाढलेला राक्षस उभा होता. इथवर काही अडचण नव्हती. असले राक्षस म्हणजे लेखकाच्या हातचा मळ. पण जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, अगदी पुढे, एक किटली होती. साधी, घरात असते तशी, चहाची.

"ही इथे कशाला?" शिवणयंत्रावरून मान वर करत बायकोने विचारलं.

"तेच तर कळत नाहीये."

"राक्षस चहा पितो असं लिहा."

"अगं, भयकथा आहे."

"मग गार झालेला चहा पितो असं लिहा."

आता कुणीही म्हणेल, नको असेल किटली तर सोडून द्या की, त्यात एवढं काय. पण या मासिकाची रीतच उफराटी होती. भुताखेतांवर पोट भरणारा त्याचा संपादक स्वतः पक्का भित्रा होता. एक परिच्छेद वाचला तरी त्याला घरभर दिवे लावून झोपावं लागे. म्हणून तो कथा वाचायच्या भानगडीतच पडत नसे. आधी मुखपृष्ठाचं चित्र काढून घ्यायचं, ते लेखकाच्या हातात द्यायचं, आणि कथा आली की चित्रावर बोट ठेवून विचारायचं, जिना आहे? आहे. बाई आहे? आहे. झालं संपादन. आधीचा लेखक मुखपृष्ठावरची मगर कथेत घ्यायला विसरला होता, तर एक वाचक कचेरीत येऊन 'माझी मगर कुठे आहे' म्हणत दुपारभर खुर्ची अडवून बसला. त्या लेखकाची जागा आता रिकामी होती.

ती जागा आपल्या लेखकाला हवी होती, आणि मनापासून हवी होती. ही कथा नीट छापून आली की तो मासिकात कायम होणार होता. मग मेहुण्याच्या कुलपांच्या दुकानात गिऱ्हाइकांना बिजागऱ्या दाखवत, मधल्या वेळात पुडीच्या कागदावर चेटकिणी लिहायची वेळ येणार नव्हती. लिहायचा त्याला कंटाळा नव्हताच. लोक जांभई देतात तितक्या सहज तो वेताळ काढत असे.

शेवटी संध्याकाळी त्याला सुचलं. राक्षसाचा जीव त्या किटलीत आहे. पाणी उकळलं की तो जागा होतो, वाफ आली की तो येतो. लेखकाने एका बैठकीत कथा संपवली आणि बायकोला वाचून दाखवली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरच्या किटलीवर फडकं टाकून आली. लेखकाला याहून मोठी पावती नको होती.

दुसऱ्या दिवशी संपादकाने चित्रावर बोट फिरवलं. "किटली?"

"आहे. सगळं तिच्यातच आहे."

"पुढचं सांगू नका. अंक निघाला की तुम्ही कायम," संपादक म्हणाला आणि चित्र शेवटचा हात फिरवायला चित्रकाराकडे पाठवून दिलं.

इथून गोंधळ सुरू झाला. चित्रकार हा अतिशय सज्जन आणि तितकाच विसराळू माणूस. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं काढायचा. राक्षस डोक्यातून यायचा, पण डोळ्यांसमोर जे असेल तेही हात आपोआप रंगवून टाकायचा. त्या दिवशी समोर किटली होती. चित्र परत आल्यावर त्याला ती दिसली आणि तो शरमेने अर्धा झाला. त्याने किटली पुसली, आणि पायरी मोकळी दिसू नये म्हणून तिथे एक काळा घोडा उभा केला.

दुकानात फोन वाजला. मेहुण्याने तो लेखकाच्या हातात दिला.

"तुमच्या कथेत घोडा आहे का?" संपादकाने विचारलं.

"घोडा? नाही. किटली आहे."

"किटली गेली. घोडा आलाय."

"कुठून?"

"ते मला काय माहीत. मला घोडा पाहिजे."

लेखकाने गिऱ्हाइकाच्या हातात चुकीची किल्ली दिली आणि बाकावर बसून कथा पुन्हा लिहिली. राक्षसाचा जीव किटलीतून काढून घोड्यात घातला. किटली उकळायची तिथे आता घोडा खिंकाळू लागला, एवढाच काय तो फरक. संध्याकाळी नवं बाड संपादकाच्या टेबलावर पडलं.

पण दरम्यान राक्षसाच्या डोळ्यांचा रंग कुठला, हे बघायला चित्रकाराने पहिलं बाड मागवून घेतलं होतं. त्याने ते वाचलं. ज्या किटलीवर अख्खी कथा उभी, ती आपण पुसली. बिचाऱ्या लेखकाला काय वाटलं असेल. त्याने घोडा खरवडून काढला आणि किटली पुन्हा रंगवली. भरपाई म्हणून चांगली राक्षसाच्या गुडघ्याएवढी रंगवली आणि तिला वाफही काढली.

"घोडा गेला," फोनवर संपादक म्हणाला. त्याचा आवाज आता रडवेला झाला होता. "किटली परत आलीय. आणि वाढलीय."

लेखक फोन ठेवून दुकानातून निघाला. तो घरी आला तर बायको हसतमुखाने दारातच उभी. "तुमच्या ताईंना सांगितलं मी. तुम्ही कायम झालात म्हणून."

"अगं, पण अजून झालो नाही."

"होणार आहात ना. ताईंनी लगेच भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी दुकानात नवा माणूसपण ठेवला. चांगला आहे म्हणे, किल्ल्या चुकवत नाही."

लेखक खुर्चीत बसला. पुढचा रस्ता अजून उघडला नव्हता आणि मागचा बंद झाला होता, तोही मेहुण्याच्याच कुलपाने.

दुसऱ्या दिवशी चित्रकार स्वतःच पत्ता शोधत घरी आला. दोघांनी एकमेकांची इतक्या वेळा माफी मागितली, की बायकोला यंत्र थांबवून मध्ये पडावं लागलं.

"तुम्ही कथेला हात लावू नका, मी घोडा परत काढतो," चित्रकार म्हणाला.

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता. मी किटली परत आणतो."

"दोघंही गप्प बसा," बायको म्हणाली. "चित्रात आता काय आहे?"

"किटली."

"किटलीची कथा लिहून झालीय?"

"झालीय."

"मग ती छापा की."

चित्रकाराने जाता जाता पहिलं बाड कचेरीत नेऊन दिलं, आणि सगळं मार्गी लागलं असं सगळ्यांना वाटलं.

आता संपादकाच्या टेबलावर दोन बाडं झाली. एकात किटली, एकात घोडा, आणि वरून दोन्ही सारखीच. छापखान्याचा माणूस दारात घाई करत होता. संपादकाने धीर करून एक बाड मधेच उघडलं. 'तिने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याला चेहराच' एवढं वाचून त्याने ते फाडकन मिटलं, हाताला लागलं ते छापखान्याच्या माणसाच्या हातात कोंबलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आपण नक्की कुठलं बाड दिलं, हे मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

अंक निघाला. मुखपृष्ठावर भलीमोठी, वाफाळणारी किटली. आत पहिल्यापासून शेवटपर्यंत घोडा. किटलीचा उल्लेखसुद्धा नाही.

लेखक दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मगरीचा वाचक एकटा होता, आता किती येतील याचा त्याला अंदाज करवेना. नव्या माणसाला दुकान मानवलं नसेल अशी आशा धरून बायको ताईंकडे जाऊन आली. मानवलं होतं. तेवढ्यात फोन आला, "ताबडतोब या."

कचेरीत संपादक पांढराफटक पडून बसला होता. फोनचा रिसीव्हर त्याने काढूनच ठेवला होता.

"सकाळपासून हेच चाललंय," तो म्हणाला. "एक बाई म्हणाल्या, पानापानाला वाटत होतं, आता किटली येणार, आता येणार. शेवटपर्यंत आलीच नाही. कथा संपली, दिवा घालवायला स्वयंपाकघरात गेल्या, तर ती तिथेच होती. त्या आता बहिणीकडे राहायला गेल्यात. एका गृहस्थांनी किटली अंगणात पुरली. अंक कुठेच शिल्लक नाही." तो पुढे झुकला. "कथेत न आणता घाबरवायचं. सुचलं कसं तुम्हाला?"

"म्हणजे मी... ते चित्र... घोडा..." लेखक म्हणाला.

"नका सांगू. मला घरी स्वयंपाकघर आहे. तुम्ही कायम. आणि आजपासून नियम उलटा. जे मुखपृष्ठावर, ते कथेत अजिबात नको." त्याने नवं, कागदात गुंडाळलेलं चित्र लेखकाच्या हातात दिलं.

घरी येऊन लेखकाने आनंदाची बातमी सांगितली आणि कागद सोडला. चित्रकाराने माफीची कसर भरून काढली होती. चित्रात एक खोली होती. टेबलाशी एक माणूस डोकं धरून बसला होता आणि त्याच्यामागे शिवणयंत्रावर एक बाई होती.

बायको बराच वेळ चित्र न्याहाळत राहिली. "ही मी आहे."

"हो."

"नाक जरा बरं काढलंय."

"छान काढलंय."

"आणि मी कथेत नको?"

"नियम आहे गं."

ती यंत्राकडे गेली, पण यंत्राचा आवाज येईना. लेखकाने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. सगळी धडपड करून मिळवलेली जागा आजच मिळाली होती. मग त्याने कागद पुढे ओढला. "संपादकाला काय सांगायचं ते मी बघतो," तो म्हणाला आणि पहिल्याच ओळीत तिला घेतलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "राक्षस मला काही करत नाही ना?"

"छे. तो घाबरतो तुला."

यंत्र सुरू झालं. लेखक भराभर लिहीत गेला, बाई खोलीत यंत्र चालवत राहिली, आणि अर्धी कथा झाली तरी राक्षसाची दार वाजवायची हिंमत होईना. त्याला आत कसं आणायचं, हे मासिकात कायम झालेल्या लेखकाला काही केल्या कळत नव्हतं.