बटाट्यात खुपसलेले चाकू

"छंद लावून घेणं म्हणजे काय डोंगर उचलायचाय? संध्याकाळपर्यंत लावून दाखवतो!" मीटरकाकांनी फोनवर लेकीला ठणकावून सांगितलं.

जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले म्हणून ते मीटरकाका. काकू गेल्यापासून मात्र ते नुसत्या भिंती वाचत बसायचे. लेकीने शेवटी तंबीच दिली होती. "एक तरी छंद लावून घ्या बाबा, नाहीतर माझ्याकडे राहायला चला. त्या घराला कुलूप!"

कुलूप म्हटल्यावर काकांची नजर उंबऱ्याकडे गेली. काकूंच्या चपला अजून दाराशी होत्या. त्या सोडून जायचं? ते तडक जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले आणि समोर दिसला तो छंद उचलला. घडीचे चाकू!

"हा हाडाच्या मुठीचा, हा शिंगाच्या, हा लाकडी," दुकानदार म्हणाला. "उघडताना खट् वाजलं पाहिजे."

"का?"

"वाजलंच पाहिजे! आणि हे जुनं पोलाद, लगेच गंजतं. घरी गेलात की बटाट्यात खुपसून ठेवा. पातं काळं पडलं की गंज धरत नाही."

"म्हणजे खराब होऊ नये म्हणून आधी आपणच खराब करायचं?"

"आत्ता कसं समजलं!"

काकांना ओ की ठो समजलं नव्हतं. पण छंद म्हणजे असंच काहीतरी असणार, असं म्हणून ते वाटेत बटाटे घेऊन घरी आले.

जेवणाच्या टेबलावर तीन बटाटे, त्यात तीन चाकू, वर भिंतीवर काकूंचा फोटो. दुपारी काकांनी दोन चाकू उपसले, पुसले आणि मिटून ठेवले. आता मुहूर्ताला एक सफरचंद कापायचं होतं. पण कापाकापी सगळी काकूंकडे असायची. काकांनी फोटोकडे पाहिलं.

"आता तूच सांग बाई, कुठल्याने करू? हाडाच्या की शिंगाच्या? एकदाचं करून टाकतो आणि सुटतो!"

खट्! खट्! दोन्ही पाती उघडली.

उघड्या दारात शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला उभ्या होत्या. त्यांनी काका पाहिले, चाकू पाहिले, बटाट्याच्या पोटातला तिसरा चाकू पाहिला आणि वाटीसकट धूम ठोकली! काका 'वहिनी, वहिनी' करत दारापर्यंत गेले. त्या नादात सफरचंद तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेक-जावई हजर!

"सहज आलो," लेक म्हणाली आणि काकांच्या गळ्यात पडली. जावई मात्र एक खोका घेऊन घरभर फिरू लागले.

काका दाढी करायला गेले तर रेझर नाही. दुधाची पिशवी फोडायला गेले तर कात्री नाही. सुरी नाही. चाकू तर एकही नाही! नेलकटरसुद्धा गायब!

"अगं, कात्री कुठे ठेवली मी?"

"असू दे बाबा," म्हणत लेकीने पिशवी दातांनी फोडली.

काकांनी सगळे खण पुन्हा एकदा उघडून पाहिले. ते मटकन खुर्चीत बसले. "पोरी, माझं डोकं गेलं गं. काल ठेवलेलं आज सापडत नाही!"

लेक हुंदकेच द्यायला लागली. "म्हणूनच म्हणते, चला! तुमची बॅग भरलीय मी. वहिनींनी ऐकलंय सगळं. तुम्ही आईला विचारत होतात, कुठल्याने करू म्हणून!"

"हो, विचारलं की."

"बाबा!"

"अगं, सफरचंद! तुझी आईच कापायची ना. मला कुठे येतं?"

लेकीचा हुंदका अर्ध्यावरच अडकला. जावई खोका घेऊन दारात थबकले.

"मग बटाट्यात चाकू कशाला खुपसला होता?" त्यांनी विचारलं.

"काळा पडावा म्हणून."

"पण का?"

"खराब होऊ नये म्हणून."

जावयांनी बायकोकडे पाहिलं. काका म्हणाले, "माझ्याकडे बघा जावईबापू, मलाही कळलेलं नाही! दुकानदाराला विचारा."

लेकीला रडता रडता हसू फुटलं. "मग? काय म्हणाली आई?"

"काही नाही. जन्मभर मला बोलू दिलं नाही, आणि आता विचारतोय तर गप्प!"

 मग लेक उठली. बॅगेतले कपडे एकेक करून तिने पुन्हा कपाटात ठेवले.

"राहा इथेच. पण आत्ता माझ्यासमोर सफरचंद कापून दाखवायचं."

"आत्ता दाखवतो! द्या माझे चाकू."

जावयांनी खोका पुढे केला. कुणाचा हात पोचू नये म्हणून त्यांनी त्याला चिकटपट्टीचं अख्खं रीळ गुंडाळलं होतं! लेकीचं नख तुटलं. जावयांच्या गाडीची किल्ली वाकली. पट्टी कापायला धारेचं म्हणून जे जे घरात होतं, ते सगळं त्या खोक्यातच होतं!

"थांबा, आलोच," म्हणत काका शेजारी गेले आणि दार वाजवलं.

"वहिनी, जरा चाकू देता? पटकन काम उरकून टाकतो!"

दार जेमतेम बोटभर उघडलं. आतून एक हात बाहेर आला. त्याने काकांच्या हातावर एक चमचा ठेवला आणि दार पुन्हा धाडकन बंद झालं.