चाळीस नंबरचं तेल

मारुंजीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक तात्यांनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. ते सरळ माझ्या मोटरसायकलपाशी उकिडवे बसले, तेल मोजायची पट्टी उपसली, तिच्यावरचा थेंब दोन बोटांत चोळला आणि नाकाशी धरला.

"तेल वेळंवर बदलतोय. मानूस बरा दिसतोय," ते म्हणाले. मला खोली मिळाली.

तात्यांची स्वतःची फटफटी वयानं माझ्याहून मोठी. तिला चाळीस नंबरचं, काकवीसारखं दाट तेलच लागायचं. कुणी नव्या पातळ तेलाचं नाव काढलं की तात्या पेटत. "कारच्या इंजिनाला गार ठेवायला पानी असतंय. हिला हाय का पानी? नुसता वारा! वारा पडला की तेलानंच सांभाळायचं. पातळ तेल काय सांभाळनार? ते आधी पळून जातंय!" उभी गाडी कुणी चालू ठेवली तर मग विचारायलाच नको. "वारा न्हाई तिला! भाजून मारतो का?" म्हणत अंगावर येत.

माणसांनाही हीच फूटपट्टी. शब्दाला जागणारा तो चाळीस नंबर. हिंजवडीतल्या माझ्या मॅनेजरचे किस्से ऐकून म्हणाले, "लई पातळ हाय." मॅनेजरचं याहून नेमकं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

रोज संध्याकाळी तात्या फटफटीवरून ओढ्यापर्यंत जात आणि लगेच परत येत. काम काही नसे. म्हाताऱ्याची हौस, असं मला वाटे. त्यांच्या बायको, मावशी, फार गोड बाई, पण विसराळू. मला तिथं राहून वर्ष होत आलं तरी विचारायच्या, "पावनं, कंच्या गावचं?" मीही हसून सांगे, "परभणी."

दिवाळीला त्यांचा मुलगा सुनील आला आणि आपल्या कारसाठी आणलेलं महागडं पातळ तेल त्यानं मोठ्या प्रेमानं, जुनं काढून, फटफटीत ओतलं. सणाचं पोराचं मन कशाला मोडा, म्हणून तात्या चक्क गप्प बसले. संध्याकाळी ओढ्यावरून परतले तेव्हा फटफटीतून डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येत होता.

मावशी दारात आल्या. "कुनाकडं आलाय? मालक घरात न्हाईत," तात्यांना म्हणाल्या आणि आत गेल्या.

थट्टाच वाटली मला. मी हसलो. तात्यांकडं बघितलं आणि हसू गिळलं.

त्यांनी तिथंच घमेलं घेऊन सगळं तेल काढून टाकलं. "इंजिनिअर, गाडी काढ."

हिंजवडीत सगळीकडं नवीच तेलं. शेवटी पौडच्या एका जुन्या दुकानात चाळीस नंबर मिळालं. परत येताना तात्या मागून बोलले, "तिला काय बी आठवत न्हाई आता. घरात म्या पावनाच हाय. मला बी ईचारती, कंच्या गावचं? फटफटीचा आवाज आला की मगच नवरा होतोय बग म्या."

मी गाडी हळू घेतली.

तेल भरून तात्या पुन्हा ओढ्याकडं गेले. मी मावशींपाशी ओट्यावर बसलो. त्यांनी मला गाव विचारलं, मी सांगितलं. तेवढ्यात वळणावरून तो जुना, जड, संथ आवाज आला. मावशींनी झटकन पदर सारखा केला.

"आमचं मालक आलं," त्या लाजून म्हणाल्या. "बसा, चा टाकते."

तात्या अंगणात आले, पण फटफटी बंद करेनात. उभ्या गाडीचं इंजिन तसंच चालू. आतून मावशी त्यांना उशीर का झाला म्हणून रागावत होत्या आणि ते बसल्या जागी ऐकत होते.

"तात्या, तापेल ती," मी म्हणालो.

"तापू दे," तात्या म्हणाले. "चाळीस नंबर हाय. घेईल सांभाळून."