एकशे पंधरा वर्षांची साडेसाती

तोंडवलीत सत्यवानच्या दारावर वीस वर्षं पाटी होती : 'ग्रहांचा अभ्यास. पत्रिका पाहून मिळेल.' आणि २००९च्या मे महिन्यात पेपरात छापून आलं, 'तोंडवलीची समीक्षा अमेरिकेत ग्रहांचा अभ्यास करते.' समीक्षा म्हणजे शेजारच्या दत्ताराम होडीवाल्याची मुलगी, सुट्टीवर आलेली. दुसऱ्याच दिवशी दत्तारामच्या घरापुढच्या खळ्यात पत्रिका घेतलेल्या बायकांची रांग लागली आणि सत्यवानच्या ओटीवर चिटपाखरू फिरकेना. सत्यवानचा नुसता जळफळाट झाला. हिचं ज्ञान चारचौघांत उघडं पाडावं म्हणून तो तडक तिकडे गेला.

"चेडवा, तुझो ग्रह खंयच्या राशीत आसा?"

"राशीत नाय काका. तो दुसऱ्याच ताऱ्याभोवती फिरता. अजून तान्हो आसा, तापलेलो, म्हणान फोटोत दिसता. त्येच्यावर हवा कसली आसा, ता मी शोधतंय."

"एक फेरी मारूक किती वर्षां लागतत?"

"चारशे साठ, अंदाजे."

सत्यवान मनातल्या मनात हरखला. शनीला फेरीला तीस वर्षं, तर साडेसाती साडेसात वर्षांची. म्हणजे चौथा हिस्सा. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या मासळीबाजारात सांगून टाकलं, "त्या चेडवाच्या नादाक लागू नकात. तिचो ग्रह लागलो तर साडेसाती एकशे पंधरा वर्षां. नातवंडांकसुद्धा पुरतली."

लोक घाबरले खरे, पण सत्यवानकडे आले नाहीत. ग्रह जिचा, उताराही तिच्याकडेच असणार, असं म्हणून सगळे दुसऱ्या दिवशी दत्तारामच्याच खळ्यात. सत्यवान कुंपणाआडून बघत होता. त्या गर्दीत त्याला स्वतःची बायको दिसली, त्यानेच मांडलेली पत्रिका हातात घेऊन.

विमला तासाभराने परतली ती खुशीत.

"काय उतारो सांगल्यान?" त्याने तुसडेपणाने विचारलं.

"उतारो नाय. तो ग्रह लय लांब आसा, कोणाचा काय वाईट करणा नाय म्हणता."

"बरा. झाला मगे."

"मी म्हटलंय, आयलंय तशी आपल्या शनीचा पण विचारून घेव." विमलाने कपाटातली बरी लुगडी काढून पिशवीत भरायला घेतली. "तो पण कायएक करणा नाय. आणि तुमी साडेसाती आसा म्हणान माका सात वर्षां मायेराक धाडूक नाय. आता वेंगुर्ल्याची एस्टी कधीची, तेवढा बघून सांगा."

"सव्वाचारची," सत्यवान म्हणाला.

त्या आठवड्यात त्याला कोणी विचारलेला तो एकच प्रश्न होता.