सोन्याचा नारळ गायब

"एक, दोन आणि तीन!" म्हणत सदाने काळा रुमाल झटकला आणि टेबलावरचा सोनेरी नारळ नाहीसा झाला. थळच्या कोळीवाड्यातला मांडव टाळ्यांनी दणाणला. सदाने वाकून नमस्कार केला, तोंडातून रंगीत फिती काढल्या, पत्त्यांचे चार खेळ दाखवले आणि नारळ परत आणण्यासाठी हळूच पडद्याला टेकलेल्या टेबलाखाली हात घातला. तिथे नारळ नव्हता. ज्यात तो पडायचा ती गोणीही नव्हती.

सदाने पुन्हा चाचपून पाहिलं.

तसा सदा जन्मजात जादूगार नव्हे. तो श्रीवर्धनला सुपारीच्या वखारीत कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी 'जादूसम्राट सदानंद' होत असे. तिथल्या एका रिसॉर्टचे मालक करमअली त्याला दर शनिवारी खेळ द्यायला तयार होते. अट एकच. "सदाभाई, लोक आजकाल मोबाइलमध्ये बघूनच येतात. तुमचे तारे चारच्या वर गेले की शनिवार तुमचा." तारे दोनच्या आसपास रखडले होते. 'टेबलाखालचा हात दिसतो,' असं एकाने लिहिलं होतं. 'कबुतर झोपलेलं होतं,' असं दुसऱ्याने. 'अप्रतिम! माणूसही स्वभावाने चांगला,' असं एका बाईने पाच तारे देऊन लिहिलं होतं. पण ती सदाची बायको किशोरी होती आणि तिने आडनावासकट सही केली होती.

म्हणून नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीआधी खेळ करायचं आमंत्रण आलं तेव्हा सदा हरखून गेला. कोळीवाड्याच्या मंडळातला एक पोरगा, प्रणय, कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवणार होता. साधा नारळ गायब करायचा, परत आणायचा, एवढंच ठरलं होतं. पण कोळीवाड्याचे पाटील, नामाशेठ, भर मांडवात उठले. दर्याला वाहायचा सोनेरी कागदातला नारळ त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो कर गायब! मंग तुला मानला!" सगळा मांडव ओरडायला लागला. तिथे नाही म्हणायची सदाची छाती झाली नाही.

आता तो पेटीतून कबुतर काढतो आहे असं दाखवत पडद्याआड घुसला. तिथे कोळीवाड्यातल्या भागुबाई चुलीवर नारळीभात ढवळत होत्या आणि गोणीची राखण करायला बसवलेली किशोरी मांडी घालून नारळ खवत होती.

"अगं, गोणी कुठाय?"

"कुठली गोणी? मी नुसती बसले होते, तर भागुबाईंनी विळी दिली हातात. म्हणाल्या, सणाच्या घरात बाईमाणसानं रिकामं बसू नये."

"टेबलाखालची गोणी!"

"ती भागुबाईंनी ओढून घेतली. नारळ कमी पडत होते ना."

सदाने विळीकडे पाहिलं. पात्याला सोनेरी कागदाचा कपटा चिकटला होता. बाकीचा कागद चुलीपाशी पडला होता आणि नारळ भातात शिजत होता.

"आगो बाय माजे!" भागुबाई मटकन खाली बसल्या. "त्यो दर्याचा व्हता? मना वाटला, सजवलाय कोनी हौशीनं!"

बाहेरून नामाशेठचा आवाज आला, "जादूगार, आन नारल! भरती उतराय लागली!"

किशोरीचं डोकं नवऱ्यापेक्षा जास्त चालायचं. तिने दुसरा नारळ घेतला, कागद पुसला आणि गुंडाळायला सुरुवात केली. "घ्या. पेटीत ठेवा, काढा, मोकळे व्हा. कुणाला कळणार आहे?"

कळलं नसतं. सदाच्या डोळ्यांपुढे चार तारे आणि आयुष्यभराचे शनिवार चमकून गेले. पण भागुबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माजी दोनी पोरा उद्या बोटीवर जातील," त्या एवढंच म्हणाल्या. "आरतीचा नारल व्हता त्यो."

सदाचा हात तसाच थांबला. लोकांना फसवणं हा त्याचा धंदाच होता. पण आपण फसवले जातोय हे ज्यांना ठाऊक असतं आणि त्यासाठीच जे येऊन बसतात, त्यांना. हे त्यात बसत नव्हतं. त्याने किशोरीच्या हातातला नारळ खाली ठेवला आणि तो बाहेर आला.

"मंडळी, माफ करा," तो म्हणाला. "नारळ परत येणार नाही. मला जादूबिदू येत नाही. टेबलाला भोक आहे."

मांडव खो खो हसला. सदाने टेबल उलटं करून भोक दाखवलं, त्यातून हात आरपार घालून हलवला. टाळ्या आणखी वाढल्या. प्रणय मोबाइलवर बघत ओरडला, "लोक काय लिवतात बघा! 'भोक दाखवला तरी नारळ गायब! खतरनाक!'"

"अहो, भातात गेला हो!" सदा रडकुंडीला आला. "खरंच शिजला! देवाशप्पथ!"

मागून भागुबाई भाताचं ताट घेऊन मान खाली घालून आल्या. तेव्हा मात्र मांडव गप्प झाला. नामाशेठ सावकाश उठले. आता पाठीवर काय बसतंय, या भीतीने सदाने डोळे मिटले. तेवढ्यात एकदम जल्लोष उठला म्हणून उघडले, तर नामाशेठनी शालीतून हात वर काढला होता आणि त्या हातात सोनेरी नारळ होता.

सदाच्या अंगावर काटा आला. त्याने भाताकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि क्षणभर त्याला मनापासून वाटलं की आपल्याला जादू येते. बँड सुरू झाला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तोच वाजवत होता.

मिरवणूक बंदराकडे निघाल्यावर त्याने नामाशेठना गाठलं. "पाटील, हे कसं झालं?"

"आरतीचा नारल मी तुज्या हातान देईन व्हय?" नामाशेठ हळूच म्हणाले. "प्रणयनं तुजे रिव्ह्यू दाखवले मना. सकालीच दोन गुंडालले."

"मग आधी सांगायचं तरी! माझा जीव गेला असता!"

"सांगितला असता त मजा काय ऱ्हायली असती?"

नारळ पाण्यात पडला, भागुबाईंनी हात जोडले आणि सदाला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. भाताचं ताट हातात येतंय न येतंय तोच फोन वाजला.

"माशाअल्लाह, सदाभाई!" करमअली बोलत होते. "तारे चारच्या वर गेले की! शनिवारी या. बस, एकच अर्ज आहे. त्या शालवाल्या चाचांना सोबत आणायचं. सगळे त्यांचंच विचारतायत."

सदाने फोन ठेवला. शेजारी किशोरी मोबाइल चाळत बसली होती.

"काय लिहिलंय गं?"

किशोरी जरा घुटमळली. मग वाचू लागली, "'शालवाले काका फार मोठे जादूगार आहेत. त्यांचा मदतनीस घाबरल्याचं नाटक सुरेख करतो.'"

सदा भात खात राहिला.

"तारे पाच दिलेत हो," किशोरी म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.