बोरकरांच्या घरचा ऑक्सिजन

बोरकर नमस्कार करीत नाहीत; मनगट धरतात. दोन्ही धमन्या दाबून "वळा मूठ, आता उघडा" अशी आज्ञा करतात. एक धमनी सोडताच पांढरा पडलेला तळवा गुलाबी झाला, की मगच "या, बसा."

ते हस्तरेषा पाहतात, असे आमच्या जरीपटक्यातील गल्लीत बोलले जाते. बोलणारे मूर्ख आहेत. धमनीतील रक्त घेऊन त्यातील प्राणवायूचा आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब मोजणे, ही बोरकरांची इस्पितळातील जन्मभराची नोकरी. सुई टोचण्यापूर्वी दुसरी धमनी धड आहे ना, हे पाहावेच लागते. ती सवय उरली, इतकेच.

"तब्येत छान दिसते" म्हणावे, तर उत्तर ठरलेले : "चेहऱ्याचं काय घेऊन बसले गा? रक्त काय म्हणते?" नातवाच्या वाढदिवशी माझे जावई भराभर फुगे फुगवीत होते. बोरकर ओरडले, "बसा खाली! कार्बन डायऑक्साइड उतरून राहिला तुमचा, चक्कर येईन!" जावई रागावले आणि त्याच रागात भोवळ येऊन बसलेही.

आता खरा वाद. बोरकरांनी आजारी बायकोचा ऑक्सिजन तोडला, असे गल्ली सांगते. मी तेथे होतो, गल्ली नव्हती.

विमलताईंची फुप्फुसे जुनी दुखणाईत. घरी ऑक्सिजनचे यंत्र. कामठीहून आलेल्या भावाने मायेपोटी बटण एकवरून पाचवर नेले. ताई गुंगीत गेल्या. भाजी घेऊन परतलेल्या बोरकरांनी ते पाहिले आणि पिशवी टाकून बटण पुन्हा एकवर आणले.

"माह्या बहिणीले मारून राहिले का, भाऊजी?" भाऊ अंगावर धावला.

"तुम्हीच झोपवून राहिले तिले! तिच्या रोगात ऑक्सिजन जास्त झाला का कार्बन डायऑक्साइड साचते. गाडी काढा!"

इस्पितळातील तपासणीने अक्षरशः तेच सांगितले. भाऊ गप्प झाला. गल्ली अद्याप झालेली नाही. बोरकर पाषाणहृदयी आहेत म्हणे! ताईंच्या मनगटात सुई गेली, तेव्हा हा पाषाण भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दुपारभर श्वासाला जोर देणाऱ्या यंत्राचा मुखवटा लावल्यावर साचलेला वायू उतरला. ताईंनी डोळे उघडले.

"काहून जी, रडून राहिले?"

"रडून नाही राहिलो वं," बोरकर म्हणाले. "कार्बन डायऑक्साइड सोडून राहिलो."